दही का लागलं नाही?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते अन्नातून पसरणाऱ्या आजारांबद्दल आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल. अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाचं काम तुम्हाला सांगायचंय. पण त्या आधी आमच्या आक्काच्या दह्याची गोष्ट सांगते. सांगलीत मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आणि हा विषय शिकवताना दर वर्षी पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगत आले. ती कळली की शास्त्रज्ञाचं काम आपोआप कळतं.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला तिचं सासर. तिथल्या विठ्ठलाच्या देवळात गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गोपाळकाला होतो, आणि त्या काल्याचं दही आक्काच्या घरून जातं. तिच्या सासूच्या, आजेसासूच्या काळापासून तो मान त्या घराचा. मोठं मातीचं गाडगं, आणि दही असं की गाडगं तिरकं केलं तरी हलायचं नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला शुक्रवार होता. संध्याकाळी आक्काचा फोन आला. "आगं, दही लागंना बघ. चार दिस झालं. बुधवारी काला हाय."

मी म्हटलं, पावसाळी हवा आहे, गाडगं उबेला ठेव. तर ते सगळं तिनं केलं होतं. गाडगं घासून, तापवून घेतलं. वाकळेत गुंडाळून चुलीपाशी ठेवलं. मिरचीची देठं घालून पाहिली. आपलं विरजण जुनं झालं असेल म्हणून शेजारच्या काकूंकडून नवं मागून आणलं. सगळं करून सकाळी झाकण काढावं तर दूध तसंच. वर सायीचा तवंग, खाली पाणीदार दूध, आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास.

मी एवढ्यासाठी गेले नसते. पण आक्का मग हळू आवाजात म्हणाली, "म्हातारी म्हणत्या, सुनंचा हात लागला आसंल." आणि तिकडून कुणीतरी मुसमुसत असल्याचा आवाज आला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. गल्लीतल्या एका वयस्कर बाईंनी निदान करून टाकलं होतं. नवी सून, सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. तिनं पाळीच्या चार दिवसांत गाडग्याला हात लावला असणार, म्हणून दही नासलं. आक्का स्वतः तसलं काही मानणारी नाही. पण काला तोंडावर, गल्ली कुजबुजतेय, आणि आक्काही गप्प बसलेली. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. श्रोतेहो, बाईच्या हातानं लोणचं नासतं, दही फाटतं, पापड लाल पडतात, हे आपल्याकडं किती घरांतून अजून बोललं जातं! या बोलण्यानं किती मुलींनी स्वतःलाच अपवित्र मानलं असेल! मला याची चीड आहे आणि ती मी लपवत नाही. शनिवारी सकाळची एसटी धरून मी गेले.

गेल्या गेल्या आक्कानं जेवायला बसवलं. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि भाकरी. ही वांगी भाजताना जो वास सुटतो तो बाजारातल्या गुळगुळीत, चकचकीत संकरित वांग्याला नाही. आपल्या मळीच्या रानातली ही जात लोकांनी बी धरून जपली पाहिजे, असं मला फार वाटतं. असो. जेवण झाल्यावर मी सूनबाईला हाक मारली. म्हटलं, "तू माझ्याबरोबर चल. आज विरजण तूच लावायचंस."

चार स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकसारख्या. आक्काच्या गोठ्यात दोन म्हशी. थोरली चांदी, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. आणि दुसरी तिचीच लेक. घरात दूध येत होतं ते चांदीचं. पहिल्या वाटीत चांदीचं दूध आणि आक्काचं विरजण. दुसऱ्या वाटीत चांदीचंच दूध, पण विरजण काकूंचं. तिसऱ्या वाटीत दूध काकूंच्या घरचं आणि विरजण आक्काचं. चौथ्या वाटीत धाकट्या म्हशीचं दूध, विरजण आक्काचं. सगळं दूध एकाच चुलीवर उकळलं, एकसारखं कोमट केलं. सूनबाईनं करंगळी बुडवून पाहिली आणि तिनंच चारही वाट्यांत विरजण लावलं. फळीवर कोळशानं एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले. एकच टोपली, एकच वाकळ, चुलीशेजारचा एकच कोपरा.

परत सांगते, कारण रेडिओवर वाट्या दिसत नाहीत. पहिल्या दोन वाट्यांत चांदीचं दूध. पुढच्या दोन वाट्यांत दुसरं दूध. हात सगळीकडं सूनबाईचाच.

रात्री कुणाला नीट झोप लागली नाही. पहाटे पाचला आक्कानंच वाकळ बाजूला केली. तिसरी वाटी तिरकी केली, दही घट्ट. चौथी तिरकी केली, घट्ट. पहिली वाटी तिरकी केली आणि दूध तिच्या बोटांवरून खाली ओघळलं. दुसरीचंही तेच.

विरजण निर्दोष होतं. गाडगं निर्दोष होतं. आणि सूनबाईचा हात तर चारही वाट्यांना लागला होता. आक्का काही बोलली नाही. तिनं चौथ्या वाटीतलं दही चमच्यानं काढलं, साखर घातली आणि सुनेच्या तोंडाजवळ नेलं. ती पोरगी तेव्हा जी रडली, ते रडणं वेगळं होतं.

आता राहिली चांदी. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, धार काढून आले होते. मी विचारलं, "दाजी, धाकटीचं दूध डेअरीला जातंय, मग चांदीचं घरात का?" दाजी बराच वेळ कपातल्या चहाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तिला दगडी झालीया."

दगडी म्हणजे कासेची सूज, कासदाह. गोठा असलेल्या कुणालाही नवी नाही. चांदीचा मागचा एक सड सुजला होता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा दिल्या होत्या, त्यातल्या काही कोनाड्यात उरल्या होत्या. दाजींनी डॉक्टरांना न विचारता त्याच वापरल्या. सूज दिसली की एक ट्यूब सोडायची, उतरली वाटलं की थांबायचं, परत दिसली की परत. आठवडाभर हेच चाललेलं. शेवटची ट्यूब मी आले त्याच दिवशी सकाळी गेली होती. आणि डेअरीनं आधीच बजावलं होतं की औषधाचं दूध परत पाठवू. म्हणून दाजींनी ठरवलं, चांदीचं दूध थोडे दिवस घरात ठेवू.

मी नुसती बघत राहिले. डेअरीला चालणार नाही म्हणून घरात! दोन नातवंडं रोज सकाळी पेलाभर पीत होती. दाजींच्या मनात वाईट काही नव्हतं. ते अगदी सरळपणानं म्हणाले, "उकळूनच पितोय की आपण."

श्रोतेहो, हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. उकळूनच पितोय की. आपल्या प्रत्येक घरात ही समजूत आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. दूध उकळल्यानं जंतू मरतात. पण दुधात उतरलेलं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, उकळून जात नाही. पुन्हा सांगते. उकळल्यानं जंतू मरतात, औषध मरत नाही. ते दुधात राहतं. मग विरजणातले जंतू, ज्यांच्या जिवावर दही लागतं, ते त्या दुधात पडले की वाढूच शकत नाहीत. लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे भाऊबंद पेनिसिलिनसारख्या औषधापुढं फार नाजूक. आक्काच्या गाडग्यात रोज रात्री चमचाभर चांगले जंतू जात होते आणि सकाळपर्यंत निपचित पडत होते.

डेअरीच्या प्रयोगशाळेत एक चाचणी असते, तीही हेच करते. एका छोट्या नळीत एक निरुपद्रवी जंतू ठेवलेला असतो. त्यात दुधाचे थेंब टाकून नळी उबेला ठेवायची. जंतू वाढला की जांभळा रंग पिवळा होतो. दुधात औषध असेल तर जंतू वाढत नाही, रंग जांभळाच राहतो. म्हणजे आक्काचं गाडगं चार दिवस तीच चाचणी करत होतं आणि रोज उत्तर देत होतं.

तरी एक सांभाळून ऐका. दही न लागायला दुसरी कारणंही असतात. दूध फार गरम असलं, विरजण मेलेलं असलं, थंडी असली, कुणी दुधात सोडा घातलेला असला, तरी दही लागत नाही. आणि दही छान लागलं म्हणजे दुधात औषधाचा अंशही नाही, अशी खात्री नाही. थोडा अंश असला तरी दही लागू शकतं. पण घरात दही लावण्याची सवय असेल तर निदान काही बिघडलंय हे कळतं तरी. म्हणून मी म्हणते, दुकानातून दह्याचे डबे आणणं कमी करा आणि विरजण घरात ठेवा. आपल्या आज्यांनी गावोगाव जे विरजण पिढ्यान्‌पिढ्या चालवलं, ते आपल्या हातून तुटायला नको.

आता त्या शास्त्रज्ञाकडं वळू. डॉ. स्टुअर्ट लेव्ही. जन्म १९३८, बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर काम केलं आणि २०१९ साली ते गेले. त्यांचा एक जुळा भाऊ, डॉ. जे लेव्ही, एड्सच्या विषाणूवर सुरुवातीलाच काम करणाऱ्यांपैकी एक. एका घरातून दोन असे निघाले.

लेव्हींनी जो प्रश्न घेतला त्याची पार्श्वभूमी अशी. १९५०च्या आसपास अमेरिकेत असं दिसून आलं की कोंबड्यांच्या खाद्यात थोडंसं प्रतिजैविक मिसळलं की पिल्लं लवकर वजन धरतात. कोंबड्या आजारी नसतानाही औषध, रोजच्या खाद्यातून, अगदी थोडं. ज्या ऑरिओमायसिन औषधावरून हे सुरू झालं, ते ज्या कंपनीत सापडलं तिथले संशोधनप्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. १९४८ साली ते औषध जगापुढं आलं आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्यांचं नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? शाळांत ते सांगत नाहीत. शाळांतले सूक्ष्मदर्शकसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवलेले असतात, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून. पोरांच्या हाताला लागायलाच तर ते आणलेले असतात!

तर लेव्हींनी विचारलं, की कोंबडीला दिलेल्या औषधाचा परिणाम कोंबडीपुरताच राहतो का? बोस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी कोंबड्यांचे गट केले. काहींना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळलेलं खाद्य, काहींना साधं. आणि कोंबड्यांच्या, त्या घरातल्या माणसांच्या आणि शेजारच्या माणसांच्या शौचाचे नमुने दर आठवड्याला तपासले. एवढाच प्रयोग. आक्काच्या चार वाट्यांसारखाच, फक्त मोठा.

एका आठवड्यात औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यांतले जवळजवळ सगळे जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. हे अपेक्षित होतं. पण पाच-सहा महिन्यांत घरातल्या माणसांतही तेच दिसायला लागलं. घरच्यांच्या नमुन्यांपैकी ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून जास्त जंतू औषधाला न जुमानणारे निघाले. शेजाऱ्यांमध्ये असे नमुने होते ६.८ टक्के. परत सांगते, घरचे ३१, शेजारी सात. त्या माणसांनी ते खाद्य खाल्लं नव्हतं, औषध घेतलं नव्हतं. कोंबड्यांबरोबर त्यांचा रोजचा वावर होता, एवढंच. आणखी एक गोष्ट निघाली. खाद्यात औषध एकच होतं, पण जंतू हळूहळू एकाहून जास्त औषधांना दाद देईनासे झाले.

हा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासाला पैसा पशुऔषधं बनवणाऱ्यांच्याच संघटनेनं दिला होता. तरीही जे दिसलं तेच लेव्हींनी लिहिलं. याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

असं का होतं, ते थोडक्यात. औषधापुढं टिकायची युक्ती पुष्कळदा जंतूच्या एका छोट्या गोल धाग्यावर लिहिलेली असते, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. हा धागा एक जंतू दुसऱ्या जंतूला देतो. वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतो. काकूंच्या घरातून चमचाभर विरजण आक्काकडं आलं, आक्काकडून पुढच्या घरी, असं आठवड्यात गल्लीभर होतं ना? तसंच हे. आणि एका धाग्यावर चार औषधांच्या युक्त्या एकत्र लिहिलेल्या असतील, तर एका औषधानं चारही टिकतात. पुरेसं नाही इतकं थोडं औषध दिलं की दुबळे जंतू मरतात, टिकाऊ उरतात आणि त्यांचं रान मोकळं होतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेलच्या भाषणात हाच इशारा दिला होता. दाजी सूज बघून ट्यूब सोडत होते आणि थांबत होते, तेव्हा चांदीच्या कासेत हेच चाललं होतं.

हे आपल्यापासून लांबचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली अंदाज दिला की दूषित अन्नानं जगात दर वर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. साल्मोनेलासारखा जंतू आतड्यातून रक्तात गेला आणि त्यानं औषधं जुमानली नाहीत, तर डॉक्टरांच्या हातात काय उरतं? विषमज्वरावर एके काळी ज्या गोळ्या हमखास चालायच्या, त्यातल्या कित्येक आता चालत नाहीत. आपल्याकडं आटपाडी-जतच्या बाजूला डाळिंबावर तेल्या रोग पडला की स्ट्रेप्टोमायसिन फवारलेलं मी पाहिलंय. हे माणसाच्या क्षयावरचं औषध. कोलिस्टिन हे तर दवाखान्यातलं अगदी शेवटचं औषध, आणि तेही कोंबड्यांच्या खाद्यातून दिलं जायचं. आपल्या सरकारनं २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर बंद केला, हे फार चांगलं झालं.

घरात काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. कच्चं चिकन ज्या पाटावर कापलं त्यावर कोशिंबिरीची काकडी कापायची नाही, मटण-अंडी पूर्ण शिजवायची, हात धुवायचे. यात नवं काही नाही. औषधाच्या पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, दुकानदारानं दिलं तरी नाही. आणि कोनाड्यात उरलेलं औषध, माणसाचं असो नाहीतर म्हशीचं, आपल्या मनानं वापरायचं नाही.

गोठा असलेल्यांसाठी एक गोष्ट, आणि ही दोनदा सांगते. औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही, ते औषधाच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं. काहींना तीन दिवस, काहींना जास्त. डॉक्टरांना विचारा, आणि तेवढे दिवस ते दूध ना डेअरीला, ना घरात. ना डेअरीला, ना घरात. आणि रेडकालाही नको. औषधाचं दूध पिऊन रेडकाच्या पोटात तेच न जुमानणारे जंतू वाढतात. आक्कानं पहिल्यांदा ते दूध रेडकालाच पाजलं होतं, "वाया कशाला घालवायचं" म्हणून. मग तिला नीट समजावलं, आणि ते दूध ओतायला परड्यात खड्डा काढला.

लेव्हींच्या प्रयोगाचा शेवटही सांगायचा राहिला. औषधाचं खाद्य बंद केलं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा घरातल्या बहुतेकांच्या पोटात ते जंतू सापडले नाहीत. थांबलं की ओसरतं. प्रत्येक वेळी ओसरतंच असं नाही, पण त्या घरात ओसरलं.

त्या बुधवारी काल्याचं दही गेलं. धाकट्या म्हशीचं दूध, आक्काचं विरजण, आणि विरजण लावलं ते सूनबाईनं. गाडगं देवळापर्यंत डोक्यावरून तीच घेऊन गेली. ज्या म्हातारीनं ते निदान केलं होतं, तिनं हात पुढं करून काला घेतला.

गेल्या दिवाळीत मी आक्काकडं गेले होते. चांदी आता नाही, तिची नात आहे गोठ्यात. तिला दगडी झाली होती, आणि या वेळी डॉक्टर येऊन गेले होते. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं शेवटच्या औषधाची तारीख लिहिलेली होती आणि पुढं उभ्या रेघा, एका दिवसाला एक. दाजींच्या हातच्या. त्या दिवशी चार रेघा झाल्या होत्या, एक अजून बाकी होती. चहाच्या दुधासाठी सूनबाई तांब्या घेऊन काकूंच्या घराकडं निघाली होती.